स्त्रीसभेसाठी दहा मिनिटं

मंगळवार, रात्र

दुपारच्या एसटीने नगरला पोचले. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण स्टँडवर अजून 'नगर, नगर'च ओरडतात. आल्या आल्या आईची साखर पाहिली, १८६. तिच्या मानाने बरी. पट्ट्यांची नवी डबी मागच्या खेपेला मीच फोडली होती, ती निम्म्यावर आलेली. मी चारच्या वर वापरल्या नसतील. कपाट आवरताना कुणी सांडल्या असाव्यात.

आईकडे दिवसभर असणाऱ्या मावशी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. "ताई, मला शिकवा की हे मशीन." म्हटलं, राहू द्या मावशी, सुई असते त्यात, आणि मी येतेच ना पंधरा दिवसांनी.

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन. रविवारी उपासनेनंतर स्त्रीसभा आहे, सिस्टर, तुम्ही दहा मिनिटं बोला, विषय 'सेवा आणि विश्वास'. हो म्हणून बसले. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली तेव्हा सेवेबद्दल चार वाक्यं जमतील. विश्वासाचं अवघड आहे. पुण्यात मी देवळात जाते ती नाताळला आणि गुड फ्रायडेला. इथे दर खेपेला जाते, कारण आईला हात धरून न्यायला कुणीतरी लागतं.

बुधवार

ठरवलं, जामखेडच्या आरोळे डॉक्टर जोडप्यावर बोलायचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल. दोघंही आता नाहीत. मेबल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. निदान आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण, बायकांना ऐकायला बरं वाटेल.

सकाळभर टिपणं काढली. रजनीकांत आपल्या सुप्याचे, आईवडील शिक्षक. मेबल जबलपूरच्या, वडील तिथल्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात नव्या कराराची ग्रीक शिकवायचे. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात पडली. १९६० साली लग्न झालं आणि त्याच दिवशी दोघांनी देवासमोर शब्द दिला की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं. लग्नाच्या दिवशी आपण सगळेच बरंच काही बोलतो. यांनी ते पाळलं.

आधी वडाळ्याचं मिशन हॉस्पिटल. माझ्या आत्याचं पहिलं बाळंतपण वडाळ्यालाच झालं असं आई सांगते. डॉक्टर कोण होते ते काही तिला आठवत नाही, खाटेला ढेकूण होते एवढं आठवतं. तिथे काम करताना आरोळ्यांच्या लक्षात आलं की आपण बरी केलेली पोरं पुन्हा तोच जुलाब आणि तीच उपासमार घेऊन परत येतात. हॉस्पिटल चालतंय, गाव जिथल्या तिथे. मग दोघं अमेरिकेत गेली, सर्जरी-मेडिसिनचं शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकली, आणि १९७० साली जामखेडला आली. जामखेड म्हणजे जिल्ह्याचं पार टोक. अहिल्याबाईंचं चोंडी त्याच तालुक्यातलं, एवढीच तेव्हा त्याची ओळख. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झालं.

इथवर लिहिलं तेव्हा वाटलं, भाषण झालंच. त्याग, सेवा, पुरस्कार. १९७९ चं मॅगसेसे, १९९० चं पद्मभूषण. बायका टाळ्या वाजवतील, चहा होईल. पण मग पुढचं वाचलं आणि ते मला जरा झोंबलं.

बुधवार, झोप येत नाही म्हणून

झोंबलं ते असं. आरोळ्यांचा पहिला बेत गावोगाव नर्स ठेवायचा होता. प्रशिक्षित, माझ्यासारख्या. तो बेत फसला. नर्सेसना खेड्यात राहवेना, आणि गावातल्या बायका त्यांना मनातलं काही सांगेनात. शिकलेली, परगावची, इस्त्रीच्या साडीतली पोरगी. 'पाणी उकळून प्या' म्हणते, पण सरपण कुठून आणायचं ते तिला ठाऊक नाही. मी स्वतः शिकत असताना एका खेड्यात पंधरा दिवस काढलेत. सोळाव्या दिवशी राहिले नसते.

मग एका सरपंचाने सुचवलं, आमच्याच गावातली बाई शिकवून तयार करा की. तिथून ग्राम आरोग्य सेविका आल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कितीतरी जणी दलित, कुणी टाकलेल्या, कुणी विधवा. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचं, तिथेच मुक्काम, एका चुलीवरचं सगळ्यांनी मिळून खायचं, आणि शिकायचं: बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, पोरांची वजनं, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा. जातीची उतरंड आधी त्या जेवणाच्या पंगतीत मोडायची आणि मग गावात. १९७१ साली तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी जायची. १९९० च्या दशकात हा आकडा विशीच्या आसपास आला. आणि यातलं बहुतेक काम त्या बायकांचं.

माझा अहंकार इथे दुखावला, लपवून काय करू. आम्हाला तीन वर्षं शिकवून, डोक्यावर टोपी चढवून जे जमलं नाही ते सही न करता येणाऱ्या बाईला जमलं. आणि डॉक्टरांचं काय झालं असेल? दोघं अमेरिकेत शिकलेली. आपली विद्या अशी वाटून टाकायला काय लागत असेल? पैसे दान करणं त्यामानाने सोपं. 'हे फक्त मलाच येतं' हे सोडणं फार जड. वॉर्डात नवीन मुलीला सलाईनची शीर शोधायला देताना माझे हात शिवशिवायचे, दे इकडे, मीच करते.

शुक्रवार

काल लिहिणं झालं नाही. आईचा दाखला, बँक, गॅस.

आज दुपारी आत्येबहीण आली. तिला भाषणाचं सांगितलं तर म्हणाली, "मग त्या फादर बाखरांचंही घे की." तेही खरंच. स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८ साली इकडे आले आणि पाणलोटाच्या कामात आयुष्य घातलं. माथा ते पायथा, श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. आधी गावाने अट पाळायची, मग काम. पण ते कॅथलिक, आरोळे प्रोटेस्टंट, आमची मंडळी तिसरीच, आणि माझी मिनिटं दहा. बाखर पुढच्या वर्षी.

एक गोष्ट मात्र सांगायचीच. बोअरची.

१९७२ चा दुष्काळ. आई म्हणते, तेव्हा आपण सुकडी खाल्ली, तू लहान होतीस, तोंड वाकडं करायचीस. बायका खडी फोडायला जायच्या आणि विहिरींचे तळ दिसत होते. आरोळ्यांनी गावोगाव बोअर घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक गावाच्या पुढाऱ्याला बोअर आपल्या आळीत हवा. तेव्हा पाणी शोधणाऱ्या भूगर्भतज्ज्ञाला आरोळ्यांनी सांगून ठेवलं की जागा बघायची ती दलित वस्तीतच. गावकऱ्यांना सांगायचं, पाणी तिथेच आहे. हातपंप बसला आणि ज्यांनी आजवर महारवाड्यातल्या माणसाला विहिरीच्या काठाला शिवू दिलं नव्हतं ते हंडे घेऊन महारवाड्यात आले. तहान लागलेली, करणार काय.

यात थोडी लबाडी आहे. मला ती लबाडी फार आवडते. सापाचं चातुर्य आणि कबुतराचा निरुपद्रवीपणा एकाच माणसात असावा असं प्रभूने सांगितलंय, आम्ही बहुधा नुसते कबूतर होऊन बसतो. अस्पृश्यतेवर व्याख्यान देऊन जे झालं नसतं ते एका पंपाच्या जागेने झालं.

ही गोष्ट आधीही ऐकली होती. आज पुन्हा वाचताना डोळे भरून आले, कारण आमचे पणजोबा नेवाशाकडच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातले. १८९९-१९०० च्या दुष्काळात ते मिशनकडे आले. भुकेपोटी आले की विश्वासाने, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मार खाल्ला असता. मला वाटतं दोन्हीने. भुकेल्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत असतील असं नाही. पण तेव्हापासून आमच्यावर तो शिक्का आहे, धान्यासाठी धर्म सोडणारे. शाळेत ऐकलाय, हॉस्पिटलातही, चहाच्या टेबलावर, हसत हसत.

म्हणून आरोळ्यांचं काम मला वेगळं वाटतं. तिथे बाप्तिस्म्याची अट नव्हती. सेविका हिंदू, मुसलमान, बौद्ध, शेतकरी मंडळात तर सगळी मराठा-धनगर मंडळी. मिशनच्या शंभर वर्षांच्या इतिहासातली जी गोष्ट आम्हाला टोचते, तिच्यावर त्यांनी न बोलता फुली मारली. काहीही परत न मागता द्यायचं. हे विश्वास कमी असल्याचं लक्षण आहे असं आमच्या मंडळीतल्या काहींना वाटतं. मला वाटतं, तसं द्यायला जास्त लागतो.

शनिवार, सकाळ

भाषण कागदावर उतरवलं आणि दोनदा फाडलं.

अडचण अशी की आरोळे सांगायच्या दोन चाली आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत. सेमिनारमध्ये ऐकलंय: जामखेड मॉडेल, लोकसहभाग, सक्षमीकरण, आणि स्लाइडवर ख्रिस्ताचा उल्लेखही नाही. जणू दोघं आकाशातून जामखेडला पडली. १९७० च्या दशकात त्यांना पाठबळ कुणाचं होतं? जिनिव्हाच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाचं, म्हणजे चर्चच्याच लोकांचं. त्याच शहरात जागतिक आरोग्य संघटना. आयोग आणि संघटना यांचं बोलणं होत राहिलं, १९७५ साली संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, आणि १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आता इथे 'सर्वांसाठी आरोग्य'ची घोषणा झाली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जी वाक्यं रंगवलेली असतात त्यांचं एक मूळ असं चर्चमध्ये आहे. हे कुणी सांगत नाही.

दुसरी चाल आमची, देवळातली. 'आपले' आरोळे. आपला पद्मभूषण. काम राहतं बाजूला आणि आम्ही त्यांना आमच्या हजेरीपटावर मांडतो.

आईला विचारलं, तू काय सांगितलं असतंस? ती शाळामास्तरीण, सगळ्याला तिच्याकडे वचन असतं. चष्मा लावला, पवित्र शास्त्र काढलं. योहानाचं शुभवर्तमान, तिसरा अध्याय, लाल पेन्सिलीची खूण. "त्याची वृद्धी व्हावी व माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे." बाप्तिस्मा करणारा योहान येशूबद्दल म्हणतो ते. आजवर मी ते देव आणि भक्त यांच्याबद्दलच ऐकलं. आई म्हणाली, "डॉक्टर आणि सेविका असं वाचून बघ."

वाचलं. बराच वेळ त्या ओळीवरच बसले.

मग मुक्ताबाई पोळांची गोष्ट आठवली. जामखेडच्या सेविका. १९८८ साली वॉशिंग्टनला जागतिक आरोग्याच्या परिषदेत बोलल्या. छताला मोठी झुंबरं होती. त्या म्हणाल्या, डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर आणि महाग, पण हात पोचत नाही. मग त्यांनी वातीचे साधे दिवे काढले आणि एकावर दुसरा लावून दाखवला. झुंबराला हे येत नाही. भाषण इथेच संपवायचं ठरवलं.

रविवार, रात्र

झालं एकदाचं. दहाची सतरा मिनिटं झाली. मधे एका आजीला डुलकी लागली, बोअरच्या गोष्टीला जागी झाली आणि हसली. मागच्या बाकावरच्या तरुण सूनबाईने नंतर विचारलं, सिस्टर, मग आपण काय करायचं? मी नेहमीचं काहीतरी बोलले, बीपी तपासा, शेजारणीला सांगा. उत्तर फुसकं होतं. तिलाही कळलं असावं.

पाळकसाहेब म्हणाले, छान, पण येशूचं नाव कमी आलं. मी मोजलं नव्हतं.

घरी येऊन साडी सोडली, आईला जेवायला वाढलं. मावशींना आज सुट्टी असते, तरी भाकरी घेऊन आल्या होत्या. साखर पाहायची वेळ झाली. कपाटातून मशीन काढलं आणि एकदम मावशींपुढे धरलं. या, बसा, आज शिकवते. पहिलं, हात धुवायचे.

मावशींनी हात धुतले. आईचं बोट धरलं, जरा चोळलं, टोकावर न टोचता बाजूला टोचलं, जिथे कमी दुखतं. पट्टी लावली. डबीचं झाकण लगेच घट्ट केलं, हवा लागू नये म्हणून. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. १५२.

मी बघतच राहिले. आई भिंतीकडे बघत होती.

"तुम्ही पुण्याला असता तेव्हा कोण बघतं, ताई?" मावशी म्हणाल्या. "तुमचं बघून बघून शिकले. आई म्हणाल्या, तिला सांगू नको, रागवेल."

मग कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी जुनं कॅलेंडर काढलं. मागच्या कोऱ्या पानांवर आकडे होते, दिवसाला एक, मोठ्या वाकड्या अक्षरात, काही उलटे. तीन महिन्यांचे. जिथे २५० च्या वर गेलीय तिथे बाजूला फुली, आणि एका फुलीसमोर आईच्या अक्षरात: 'जिलबी'.