आमची वाटचाल : स्कूटर, पेटी आणि तिसरं चाक

आमचं मूळ काम फॅब्रिकेशनचं. खिडक्यांच्या जाळ्या, रॅक, दरवाज्यांच्या चौकटी. पार्सलं पोचवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "स्कूटरच्या बाजूला सामानाची पेटी लावून द्याल का? चाकासकट." आम्ही हो म्हणून टाकलं. चौकट वेल्ड करायची, एक चाक बसवायचं, चार बोल्ट आवळायचे, दोन दिवसांचं काम. ते दोन दिवस संपायला वर्ष गेलं.

पहिली चाचणी मीच घेतली. वीस वर्षं दुचाकी चालवणारा माणूस, म्हटलं यात काय शिकायचंय. पेटी डावीकडे, समोर मोकळं मैदान, उजवीकडे वळायला गेलो आणि गाडी सरळ डाव्या हाताच्या कुंपणात. दुचाकी आपण कलून वळवतो, आणि कलण्यासाठी नकळत हँडल क्षणभर उलट्या बाजूला ढकलतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगितल्याशिवाय कळत नाही. साइडकार, म्हणजे अशी बाजूची चाकासकट पेटी, जोडली की गाडी कलायची बंद होते. हँडल जिकडे तिकडेच जाते. म्हणूनच अजूनही आमच्याकडे नवशिका लवकर शिकतो आणि मुरलेल्याला वेळ लागतो. मुरलेल्याला हे पटवून देणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग आहे.

वळणं सोडा, ही गाडी सरळही आपणहून जात नाही. रेस दिली की पेटी मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक दाबला की पेटीला थांबायचं नसतं, ती पुढे धावते आणि गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे फिरते. (जिथे उजवीकडून वाहनं चालतात तिथे पेटी उजवीकडे, आणि सगळं उलट.) पहिल्या काही पेट्यांच्या चाकाला आम्ही ब्रेकच दिला नव्हता. स्कूटरचे दोन आहेत की, तिसरा कशाला? भरलेली पेटी घेऊन उतारावरून येताना एका गिऱ्हाइकाने जोरात ब्रेक मारला आणि गाडी आडवी होऊन पलीकडच्या लेनमध्ये गेली. समोर त्या वेळी कोणी नव्हतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या परत बोलावल्या आणि पेटीच्या चाकाला स्कूटरच्या मागच्या ब्रेकलाच जोडलेला ब्रेक बसवला. त्याचे पैसे कोणाकडूनच मागितले नाहीत, मागायला तोंडही नव्हतं.

पण लोकांना खरं वाटत नाही ते वेगळंच आहे: भरल्या पेटीपेक्षा रिकामी पेटी जास्त पाडते. डावीकडे वळताना वजन उजवीकडे फेकलं जातं आणि पेटीचं चाक जमिनीवरून उचलतं. आमच्या जोडणीत साधारण १० मीटर त्रिज्येच्या वळणावर रिकाम्या पेटीचं चाक ताशी २० किलोमीटरच्या आसपासच हलकं होतं. पेटीच्या बाहेरच्या कडेला ४० किलो वजन ठेवलं तर तेच २५ पर्यंत टिकतं. माल उतरवून हलक्या मनाने परतणारा माणूस नेमका इथे फसतो. आता प्रत्येक पेटीच्या तळाशी, चाकाच्या बाजूला, लोखंडी पट्ट्यांचं वजन बोल्टने पक्कं केलेलं असतं. वाळूची पोती ठेवून पाहिली होती. दोन आठवड्यांत ती काढून तिथे माल ठेवला गेला.

उजव्या वळणाला चाक उचलत नाही, पण तिथे दुसरी गोची आहे. माल पेटीच्या पुढच्या टोकाला भरला असेल तर सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो आणि स्कूटरचं मागचं चाक हलकं होतं. सुरुवातीला पेटीचं चाक आम्ही स्कूटरच्या मागच्या चाकाच्या रेषेतच ठेवलं होतं, दिसायला छान. आमच्या मिस्त्रींनी ते १५ सेंटीमीटर पुढे घेतलं आणि अर्धी भीती गेली. उरलेली अर्धी माल कसा लावता यावर. जड वस्तू तळाशी, चाकाच्या सरळ वर किंवा जराशी मागे. अर्धवट भरलेले पाण्याचे जार आम्हाला चालत नाहीत. वळणावर आतलं पाणी आपल्या मर्जीने धावतं.

चाकाची मांडणी सुताने आणि ओळंब्याने होते. पेटीचं चाक पुढून किंचित आत वळलेलं, स्कूटरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर मोजलं तर सुमारे १२ ते १५ मिलिमीटर. स्कूटर स्वतः एखादा अंश पेटीपासून बाहेर कललेली, म्हणजे माल आणि चालवणारा बसल्यावर ती सरळ येते. हे चुकलं की दिवसभर एका हाताने हँडल ओढत बसावं लागतं आणि टायर महिन्यात घासून सपाट. हळू वेगात हँडल डुगडुगायला लागलं तर आधी कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) आणि टायरमधली हवा बघायची, मग आमच्याकडे यायचं. स्टिअरिंग डँपर, म्हणजे हँडलची थरथर दाबणारा दट्ट्या, हा शेवटचा उपाय.

बॉडीचं दुखणं निराळं. बऱ्याच स्कूटरची बॉडी पत्र्याची, आडवी ओढ सोसायला बनवलेली नसते. एका गाडीच्या फ्लोअरला आमचा ब्रॅकेट जिथे बसवला होता तिथूनच चीर गेली. तेव्हापासून पत्र्याला हात न लावता खालून स्वतंत्र चौकट जाते आणि पेटी चार ठिकाणी पकडते. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीच्या खणाजवळ आम्ही ड्रिल चालवतच नाही. अशी गाडी आली तर नाही म्हणतो.

नाही म्हणण्याच्या आणखीही जागा आहेत. कंपनीने गाडीला जे एकूण वजन सांगितलंय त्यात पेटीचं स्वतःचं वजनही धरायचं. ते बसत नसेल तर नाही. पेटीत माणूस बसवायचाय? नाही. नोंदणीत बदल दाखवायचा नाही, विमा कंपनीला कळवायचं नाही, असं म्हणणाऱ्यालाही नाही.

किल्ली हातात देण्याआधी अर्धा दिवस मैदानात घालवतो. आधी रिकामी, मग भरलेली. वेग वळणाआधी कमी करायचा. डावीकडे वळताना अंग पेटीकडे झुकवायचं. चाक उचललंच तर घाबरून हँडल आणखी आवळायचं नाही, सरळ करायचं. डावा पाय खाली टेकायची सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण पेटीची चौकट त्या पायावरूनच जाते. नुसत्या स्कूटरसारखा खड्डा चुकवता येईल हा विचार सोडून द्यायचा. आता रस्त्यावर तुमच्या एकाऐवजी दोन रेषा आहेत. पेटीच्या बाहेरच्या कडेला दिवा आणि रिफ्लेक्टर आम्हीच लावून देतो, कारण रात्री समोरच्याला एकच हेडलाइट दिसतो आणि तो गाडीची रुंदी स्कूटरएवढीच धरतो.

मैदानातल्या त्या कुंपणाची एक बाजू अजून वाकडी आहे. नव्या माणसाला उजवं वळण शिकवताना मी त्याला आधी तिथेच नेतो.