बुलडॉग, नोंद चौथी : मुकुट की गंज?

मागील नोंदीत मी या आखूड नळीच्या पाचबारी रिव्हॉल्व्हरला ‘बहुधा वेब्ली’, म्हणजे त्या ब्रिटिश कंपनीचे, म्हटले होते. ते विधान आज मागे घेतो. नौपाड्यातील एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरून आलेल्या, नळी बुजवून व घोड्याचे टोक कापून कायमच्या निकामी केलेल्या या वस्तूवर बर्मिंगहॅमच्या चाचणीचा ठसा, म्हणजे मुकुटाखालचे तिरपे राजदंड, सापडतील, अशी माझी खात्री होती. सिलिंडरच्या मागच्या तोंडावर निघाले मात्र लंबगोलातील ‘ईएलजी’, म्हणजे बेल्जियममधील लिएजच्या प्रूफ हाउसचा (बंदुकांची चाचणी करणाऱ्या संस्थेचा) ठसा. वेब्लीने १८७२ मध्ये आणलेल्या ‘ब्रिटिश बुलडॉग’ या रिव्हॉल्व्हरच्या नकला तिकडे भरपूर झाल्या, हे आपण सारे जाणतोच. तरीही त्यांतली एक आपल्याच वाट्याला आली, हे पचायला मला दोन दिवस लागले.

खरी डोकेदुखी त्या लंबगोलाच्या माथ्यावर आहे. १८९३ पासून लिएजच्या या ठशावर मुकुट येऊ लागला, त्यामुळे कालनिर्णयाची एक बाजू सर्वस्वी त्या मुकुटावर टेकलेली आहे. आणि नेमक्या त्याच जागी पूर्वीच्या कुणा उत्साही माणसाने बफिंगचे (घासून चकाकी आणण्याचे) चाक फिरवल्यामुळे तीन खळगे तेवढे उरले आहेत, जे सकाळच्या उजेडात मुकुटाची टोके वाटतात आणि संध्याकाळी निव्वळ गंजाचे खड्डे. स्टेशनजवळच्या एका दुकानातून ‘तीसपट’ म्हणून घेतलेले भिंग दहापटही दाखवत नाही; घड्याळजी वापरतात ते साधे, चांगल्या काचेचे दहापटीचे भिंग यापेक्षा कितीतरी बरे. ठशात टाल्कम पावडर भरून टॉर्च तिरपी धरण्याचा उपायही फसला, कारण ठाण्याच्या पावसाळी हवेत पावडरीच्या गुठळ्या झाल्या.

शेवटी देवघरातील निरांजनाने वाट दाखवली. चमच्यावर धरलेली काजळी कापसाने धातूवर अलगद फिरवली, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि ती उचलून पांढऱ्या कार्डावर लावली, तेव्हा ‘ईएलजी’ची अक्षरे धारदार कडांनी उमटली, त्या तीन खळग्यांच्या कडा मात्र वेड्यावाकड्या निघाल्या. एकाच ठशाच्या दोन भागांची झीज इतकी वेगळी असणे मला पटत नाही, म्हणून माझे मत गंजाच्या बाजूने आहे.

त्याच उत्साहात फ्रेमवरही पट्टी लावली आणि अनपेक्षितपणे ताऱ्याखालचे एक अक्षर मिळाले! लिएजच्या तपासनिसांच्या अक्षरावर १८७७ पर्यंत मुकुट असे, त्यानंतर तारा आला. आतून आटे (पिळाच्या खाचा) पाडलेल्या नळीवर १८९४ पासून मारला जाणारा मुकुटधारी ‘आर’ कुठेही दिसत नाही, पण नळीवरही तेच चाक फिरलेले असल्यामुळे या गैरहजेरीला मी पुरावा मानत नाही. तूर्त १८७७ ते १८९३ एवढेच म्हणतो.

या आठवड्यात निकेलचा उरलेला मुलामा पुसून त्यावर रेनेसाँ वॅक्स हे संरक्षक मेण चढवण्याचा बेत होता. हे लिहिता लिहिता मात्र लक्षात आले की, मुठीच्या लाकडी फळ्यांखाली बफिंग पोहोचलेले नसणार आणि जुळणीचे (एकाच शस्त्राचे सुटे भाग ओळखण्यासाठी कोरलेले) अंक तिथे शाबूत असू शकतील; तेव्हा मेण थांबले. मुठीचा स्क्रू गंजून बसला आहे आणि त्याची खाच आधीच थोडी कुरतडलेली आहे, म्हणून जबरदस्ती न करता आज रात्री त्यावर तेलाचा पहिला थेंब सोडला आहे.