एक रेकॉर्ड मागे राहिला होता

आज एका क्लायंटची साइट जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली. तयारी नीट केली होती. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा; तिचा टीटीएल, म्हणजे ते उत्तर इतरांनी किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत, 86400 सेकंदांवरून 300 वर परवाच आणून ठेवला, कारण तो आयत्या वेळी कमी करून उपयोग नसतो. ज्यांच्या कॅशमध्ये जुनं उत्तर आहे, ते जुन्या मुदतीपर्यंत तेच धरून बसतात. माझ्या मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (मशीन डीएनएसच्या आधी तीच पाहतं) नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता टाकून अख्खी साइट आधी तपासली. मग डीएनएसमधला ए रेकॉर्ड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आखूड (आयपीव्ही4) पत्त्याची नोंद, बदलला.

तासाभराने क्लायंटचा फोन आला, काही ऑर्डर दिसतच नाहीत म्हणून. जुन्या सर्व्हरचा लॉग उघडला, तर तिथे अजून लोक येत होते आणि सगळ्यांचे पत्ते लांबलचक, म्हणजे नव्या पद्धतीचे, आयपीव्ही6चे. पोटात गोळाच आला. आयपीव्ही6 पत्त्याची नोंद, म्हणजे एएएए रेकॉर्ड, जुन्या सर्व्हरकडेच राहिला होता! ज्यांच्या नेटवर्कला आयपीव्ही6 आहे, त्यांचे ब्राउझर बहुतेक वेळा आधी तिकडेच जातात. माझं कनेक्शन फक्त आयपीव्ही4चं, म्हणून मला सगळं ठीक दिसत होतं.

रेकॉर्ड दुरुस्त केला, जुनी साइट लगेच मेंटेनन्स मोडवर टाकली आणि तिथल्या 11 ऑर्डर हाताने नव्या डेटाबेसमध्ये आणल्या. दोन्हीकडे तेच ऑर्डर क्रमांक पडले होते, ते सोडवण्यातच संध्याकाळ गेली. पण कुणाचीही ऑर्डर हरवली नाही, याचं फार समाधान वाटतंय.

एसपीएफमधला (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती डीएनएसमधली यादी) जुना आयपीही बदलला, नाहीतर नव्या सर्व्हरवरचे मेल स्पॅममध्ये जायचे. जुना सर्व्हर आणखी आठवडाभर चालू ठेवतोय.