जहाज कसली लिस्ट करतंय?

२०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ते कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं अवाढव्य प्रवासी जहाज खडकावर आपटलं ना, तेव्हा मी इंग्लिश बातम्या वाचत होतो आणि जिथे तिथे एकच, शिप इज लिस्टिंग. मला वाटलं प्रवाशांची यादी करतायत, कोण सापडलं कोण नाही. दोन दिवस हेच धरून बसलो होतो! मग डिक्शनरी उघडली तर जहाज एका बाजूला कललं की त्याला पण लिस्टच म्हणतात, स्पेलिंगही तेच.

तिथून जो नाद लागला तो लागलाच. आपली नेहमीची यादीवाली लिस्ट म्हणजे मुळात काठ, किनार, कापडाची पट्टी. पुढे पट्टी कागदाची झाली, त्या लांबट कागदावर एकाखाली एक नावं लिहायला लागले आणि १६०० च्या आसपास पट्टीचं नाव त्यावरच्या मजकुरालाच चिकटलं. म्हणूनच असेल, लिस्ट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर उभाच कागद येतो, आडवा कधीच नाही.

आणि आपल्याकडे बघा, सूची म्हणजे संस्कृतात सुई, आणि यादी आली फारसी याद वरून, म्हणजे आठवण. काठ, सुई, आठवण, तिघांचं काम एकच! मला आपली यादीच पटते, विसरतो म्हणून तर लिहितो ना.

तरी बोलताना तोंडात लिस्टच येते. वेटिंग लिस्टला प्रतीक्षा यादी म्हटलं की नोटीस बोर्ड वाचल्यासारखं वाटतं, आणि शॉर्टलिस्ट झालो हे मराठीत एका शब्दात कसं सांगायचं मला अजून सुचलेलं नाही. कंपनी लिस्ट झाली म्हणजे शेअर बाजारात तिची नोंद झाली. लिस्टलेस मात्र फसवा हं, यादी नसलेला नव्हे तर मरगळलेला, कारण त्यातली लिस्ट म्हणजे जुन्या इंग्लिशमधली इच्छा.

वापरताना एकच खड्डा, आणि मी त्यात नेमाने पडतो. अ लिस्ट ऑफ नेम्स लिहिलं की शेवटचं नेम्स कानात घुमतं आणि हात आपोआप आर टाइप करतो. पण नावं पन्नास असली तरी लिस्ट एकच, म्हणून इज. हे सगळं माहीत असून परवा एका मेलमध्ये परत आर गेलं, ते पण सेंड केल्यावर दिसलं.