गार्डने कॉलेज केव्हा सोडावे?

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून आमच्या मैदानावरचा सकाळचा सराव रेंगाळू लागतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला सुरू होणारा कॉलेज बास्केटबॉलचा सामना नागपुरात सकाळी साडेसहाला सुरू होतो, आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने मुले एका मोबाइलभोवती गोळा होतात. यंदा त्यांच्या बोलण्यात एकच प्रश्न होता. कॉलेजच्या पहिल्याच वर्षात गाजलेला, जेमतेम एकोणीस वर्षांचा एक गार्ड, म्हणजे बॉल हाताळून संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, आता एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, नाव देईल की आणखी एक वर्ष कॉलेजात थांबेल? अकरावीत शिकणारा आणि स्वतः गार्डच्या जागी खेळणारा आमचा एक मुलगा मला म्हणाला, "सर, आता गेला नाही तर तो मागे पडेल ना?" मी "थांबावे" एवढेच उत्तर दिले. त्याचे समाधान झाले नाही आणि ते होऊ नये असेच मला वाटले, कारण इतक्या मोठ्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर देणे योग्य नव्हते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी नियम थोडक्यात सांगतो. २००५च्या करारानुसार, म्हणजे २००६च्या ड्राफ्टपासून, अमेरिकन खेळाडूला हायस्कूलमधून थेट एनबीएत जाता येत नाही. ड्राफ्टच्या वर्षात त्याचे वय किमान १९ असावे लागते आणि त्याची हायस्कूलची तुकडी बाहेर पडून एनबीएचा एक हंगाम उलटलेला असावा लागतो. त्यामुळे बहुतेक गुणी मुले एक वर्ष कॉलेजात काढतात आणि निघतात. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या असतात आणि जास्तीत जास्त ६० जणांची निवड होते. नाव दिल्यानंतरही मे महिन्याच्या अखेरीपर्यंत ते मागे घेऊन कॉलेजात परतता येते, आणि त्या मुदतीच्या आत संघांसमोर सराव करून आपली किंमत काय आहे याचा अंदाजही घेता येतो. ही सोय फार चांगली आहे आणि प्रत्येक मुलाने तिचा उपयोग करावा असे मला वाटते.

या ६० जागांमध्ये पहिल्या ३० आणि नंतरच्या ३० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आमच्या मुलांना नेमके हेच ठाऊक नसते. पहिल्या फेरीत निवड झाली की पहिल्या दोन वर्षांचा पगार निश्चित असतो आणि तिसऱ्या व चौथ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हाती राहतो. दुसऱ्या फेरीत अशी कोणतीही हमी नसते. २०१५मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगची ५२व्या क्रमांकावर निवड झाली, तेव्हा ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय म्हणून आपण सर्वांनी आनंद साजरा केला. परंतु एनबीएच्या नियमित हंगामातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या फेरीतील किंवा निवड न झालेल्या अनेक मुलांना 'टू-वे' करार मिळतो. त्यात मुख्य संघाबरोबर जास्तीत जास्त ५० सामने आणि उरलेला काळ जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्याच दुय्यम लीगमध्ये, अशी विभागणी असते. हे जीवन वाईट आहे असे मी म्हणणार नाही, पण टीव्हीवर ड्राफ्ट पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर जे चित्र असते ते हे नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा प्रश्न सर्व खेळाडूंचा म्हणून विचारला जातो, पण गार्डचा प्रश्न निराळा आहे. सात फूट उंचीचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी कच्चा असला तरी उंची शिकवता येत नाही, म्हणून संघ त्याला घेतो आणि वाट पाहतो. गार्डच्या बाबतीत वाट पाहण्यासारखे जे असते ते डोळ्यांत आणि डोक्यात असते, आणि ते बाकावर बसून पिकत नाही. आधुनिक खेळात गार्डचे निम्म्याहून अधिक काम पिक अँड रोलमध्ये असते. उंच सहकारी येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे गार्डच्या बचावपटूची वाट अडवून उभा राहतो, गार्ड त्याच्या खांद्याला घासून बाहेर पडतो, आणि त्या क्षणी समोरच्या संघाने काय केले हे त्याला वाचावे लागते. बचावाचा उंच खेळाडू मागे बास्केटजवळ थांबला असेल तर मधल्या मोकळ्या जागेतून शॉट घ्यायचा असतो. तो क्षणभर पुढे येऊन परतणार असेल तर त्या एका क्षणात सहकाऱ्याच्या हाती बॉल द्यायचा असतो. बचावाच्या दोघांनी आपापली माणसे बदलून घेतली तर कोणासमोर कोण येणे आपल्याला सोयीचे झाले हे हेरायचे असते. दोघेही अंगावर धावून आले तर त्यांच्या डोक्यावरून तिसऱ्याला शोधायचे असते, आणि त्याच वेळी कोपऱ्यातला बचावपटू आत सरकला की नाही हेही पाहायचे असते. या सगळ्यासाठी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नसतो. हे फळ्यावर खडूने दाखवता येते, व्हिडिओवरही दाखवता येते, पण बॉल स्वतःच्या हातात असताना, हजारो लोक ओरडत असताना, चुका करून आणि तरीही मैदानावर राहूनच ते अंगी येते.

एनबीएत हे सारे अधिक कठीण होते. कॉलेजात एका आक्रमणासाठी ३० सेकंद मिळतात, तिथे २४. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, तिथला ४८. तीन गुणांची रेषा कॉलेजात सुमारे २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, तिथे कोपरे सोडले तर २३ फूट ९ इंचांवर. कॉलेजचा हंगाम ३५ सामन्यांच्या आसपास संपतो, तिथे नियमित हंगामच ८२ सामन्यांचा असतो. शिवाय ज्याच्या हातून बॉल काढून घ्यायचा किंवा ज्याच्या जागेसाठी झगडायचे, तो तीस वर्षांचा, हे सर्व दहा वर्षे केलेला माणूस असतो. कोणताही प्रशिक्षक सामना हातात असताना एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्याऐवजी उतरवणार नाही, आणि त्यात त्या प्रशिक्षकाचा दोषही नाही.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. माझी पातळी फार लहान होती, तरी प्रश्न हाच होता. १९९४ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि विद्यापीठाच्या संघात गार्ड होतो. त्या वर्षी एका कार्यालयाच्या संघाने खेळाडू कोट्यातून नोकरी देऊ केली. घरात वडिलांचा एकच पगार होता आणि धाकट्या दोघांची शिक्षणे व्हायची होती, त्यामुळे घरच्यांनी होकार द्यायला सांगितले आणि मीही आनंदाने दिला. त्या संघात दोन गार्ड आधीपासून होते, दोघेही माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे आणि चांगले. पुढची तीन वर्षे मी सरावात घाम गाळला आणि सामन्यांत बाकावर बसलो. चौथ्या वर्षी त्यांच्यापैकी एक निवृत्त झाला आणि मला संधी मिळाली, तेव्हा एका विचित्र गोष्टीची जाणीव झाली. पाय पूर्वीपेक्षा बळकट झाले होते, शॉट सुधारला होता, पण मोकळा सहकारी मला दिसायचा तो नेहमी एक क्षण उशिरा. विद्यापीठात असताना दर सामन्यात पस्तीस मिनिटे बॉल माझ्या हातात असायचा आणि तेव्हा हे डोळे माझ्याकडे होते. तीन वर्षांत ते मंदावले आणि नंतर कधीच पूर्ण परत आले नाहीत. माझ्याच जागी विद्यापीठाच्या संघात आलेला मित्र आणखी दोन वर्षे तिथे खेळला, तिसऱ्या वर्षी नोकरीला लागला आणि पहिल्या दिवसापासून संघ चालवू लागला. माझ्या नोकरीने आमचे घर उभे केले, धाकट्यांची शिक्षणे पार पडली, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण खेळाडू म्हणून त्या तीन वर्षांत माझे काय गेले, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न निघाला की मला स्वस्थ बसवत नाही.

या मुद्द्याचे सर्वांत चांगले उदाहरण मला एनबीएतील विख्यात गार्ड स्टीफन करीचे वाटते. २००८मध्ये डेव्हिडसनसारख्या लहान कॉलेजला त्याने राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठ संघांत नेले आणि पुढे विजेता ठरलेल्या कॅन्ससकडून ते केवळ दोन गुणांनी हरले. तेव्हा तो दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याची कीर्ती शिखरावर होती. निघायचे तर तीच वेळ होती. तो थांबला. संघाचा आधीचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळाची सूत्रे हाती असलेला गार्ड, शिक्षण संपवून गेला होता, म्हणून तिसऱ्या वर्षी ती जबाबदारी करीने घेतली. त्या हंगामात त्याने सरासरी २८.६ गुण मिळवून देशात पहिला क्रमांक पटकावला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आतापर्यंत केवळ शॉट मारणारा म्हणून ओळखला जाणारा हा मुलगा इतरांसाठी खेळ घडवायला शिकला. २००९मध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला. (आमच्याकडचे पालक पदवीचा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून सांगतो, की ती त्याने २०२२मध्ये पूर्ण केली. पदवी नंतरही मिळवता येते, म्हणून माझा युक्तिवाद पदवीवर उभा नाही.)

जा मोरांटचे उदाहरणही असेच आहे. मरे स्टेटमधील पहिल्या वर्षी फारच थोड्यांना त्याचे नाव माहीत होते. दुसऱ्या वर्षी संघ पूर्णपणे त्याच्या हाती आला, त्याने सरासरी २० हून अधिक गुण आणि १० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) अशी कामगिरी केली, जी त्यापूर्वी कॉलेजच्या एकाही खेळाडूला हंगामभर जमली नव्हती, आणि २०१९मध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. जेलन ब्रन्सनने व्हिलानोव्हामध्ये तीन वर्षांत दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि तरीही २०१८मध्ये त्याची निवड ३३व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीत झाली. हमी नसलेल्या त्या जागेवरून तो न्यू यॉर्क निक्सचा कर्णधार होण्यापर्यंत पोहोचला, कारण खेळ वाचण्याची विद्या तो सोबत घेऊनच गेला होता.

विरुद्ध बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण डेरिक रोजचे आहे आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मेम्फिसमध्ये एक वर्ष खेळून तो २००८मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०११मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरणारा सर्वांत तरुण खेळाडू झाला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि तो पुन्हा कधीच तसा खेळू शकला नाही. तो कॉलेजात आणखी दोन वर्षे थांबला असता तर त्याच्या पायांतील सर्वोत्तम वर्षांपैकी दोन तिथेच खर्ची पडली असती. यावरून मी असा फरक करू लागलो आहे, की ज्याचे सामर्थ्य पायांत आहे त्याने लवकर निघावे, आणि ज्याचे सामर्थ्य डोळ्यांत आहे, किंवा यायचे आहे, त्याने थांबावे. रोजसारखी गती असेल तर संघ पहिल्या दिवसापासून बॉल त्याच्याच हातात देतो, आणि शिकणे तिथेच घडते.

दुखापतीच्या भीतीने घाई करावी असे मात्र मला वाटत नाही. डेमियन लिलार्डचा वेबर स्टेटमधील तिसरा हंगाम पायाच्या दुखापतीमुळे सुरुवातीलाच संपला. तो परतला, चौथ्या वर्षी सरासरी २४.५ गुण मिळवले आणि २०१२मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडला जाऊन त्या हंगामातील सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला.

पैशाची गोष्ट गेल्या काही वर्षांत पूर्ण बदलली आहे. पूर्वी कॉलेजात थांबणे म्हणजे घरची गरज बाजूला ठेवणे होते, आणि ज्या मुलाची आई दोन ठिकाणी कामे करते त्याला "थांब" म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. १ जुलै २०२१पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली, आणि २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. त्यासाठी प्रत्येक कॉलेजला सर्व खेळ मिळून वर्षाला सुमारे २०.५ दशलक्ष डॉलरची मर्यादा ठरली. त्याचा परिणाम उघड आहे. २०२१मध्ये कॉलेजची वर्षे पूर्ण होण्याआधीच ड्राफ्टमध्ये नाव देणाऱ्यांची संख्या साडेतीनशेहून अधिक होती, ती २०२५मध्ये शंभराच्या थोडी वर राहिली. दुसऱ्या फेरीत जाण्याची शक्यता असलेल्या चांगल्या गार्डला आज कॉलेजात टू-वे करारापेक्षा जास्त पैसे मिळू शकतात, आणि तिथे दर सामन्यात बॉल त्याच्याच हातात असतो. १९९४मध्ये माझ्यासमोर असा पर्याय असता तर मी काय केले असते, याबद्दल मला जराही शंका नाही.

तेव्हा आमच्या मुलाला माझे पूर्ण उत्तर असे. संघांनी मे महिन्यात पहिल्या पंधरा-वीस जणांत घेण्याचा स्पष्ट संकेत दिला तर त्या गार्डने जावे, कारण कॉलेजातील नव्या मुलांची रांग दर वर्षी वाढते आणि असा संकेत पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही. त्याहून खालच्या जागेचा अंदाज असेल तर थांबावे, पण ज्या कॉलेजात संघ त्याच्या हाती दिला जाईल तिथेच. जिथे तो दुसऱ्याच्या मागे उभा राहणार असेल, तिथे आणखी एक वर्ष काढण्यात काही अर्थ नाही. आणि निघायचे ठरलेच, तर प्रत्येक संघाला पगाराच्या आधी एक प्रश्न विचारावा, की तुमचा पहिला गार्ड कोण आहे आणि त्याचा करार किती वर्षांचा उरला आहे. माझ्या घरी ते पत्र आले तेव्हा मी पगार, गाव आणि राहण्याची सोय विचारली होती. हा प्रश्न विचारायचे मला सुचले नव्हते.

जूनच्या अखेरीस ड्राफ्ट सुरू होईल तेव्हा नागपुरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील आणि पावसाने साथ दिली तर मैदान ओले असेल. सराव होणार नाही, पण मुलांना मी तरीही यायला सांगितले आहे.