शेवटच्या आरसीयूचं टोपण

मोबाईल टॉवरची साईट, दाभोळच्या खाडीकाठची. टेकडी आणि टॉवर मिळून अँटेना पाण्यापासून साधारण दीडशे मीटर उंच. पलीकडे धोपाव्याच्या अंगाला नवी साईट सुरू झाली होती, म्हणून आमच्या एका सेक्टरचा (टॉवरवरून एका दिशेला सिग्नल देणाऱ्या भागाचा) टिल्ट, म्हणजे बीम खाली वाकवण्याचा कोन, २ अंशांवरून ६ वर न्यायचा होता. २ अंशांवर बीमचा मध्य सव्वाचार किलोमीटरवर टेकतो, ६ वर दीड किलोमीटरच्या आत. पाण्यावर सिग्नलला आडकाठी नसते. फेरीबोटीतले फोन आमच्याच सेक्टरला धरून राहायचे आणि कॉल मध्येच तुटायचे.

हे काम खरं तर ऑफिसातूनच होतं. अँटेनाखाली आरसीयू, म्हणजे दुरून टिल्ट बदलणारं छोटं युनिट असतं. त्यातली छोटी मोटर अँटेनातला दांडा सरकवते, त्यामुळे सिग्नलचा फेज (लहरींची आपसातली वेळ) बदलतो आणि अँटेना जागची न हलता बीम खाली वाकतो. क्लँप सैल करून अँटेनाच वाकवली तर पुढचा बीम खाली जातो, मागचा वर उचलला जातो. मोटरने केलं तर सगळ्या दिशांना सारखाच वाकतो. मला ही सोय फार मोलाची वाटते, कारण भर पावसात माणूस वर चढवावा लागत नाही.

पण ऑफिसातून स्कॅन केलं तर ९००, १८०० आणि २१०० मेगाहर्ट्झ या तिन्ही बँडचे आरसीयू गायब. शिवाय आरआरयूवर, म्हणजे आरसीयूंना वीज पुरवणाऱ्या रेडिओ युनिटवर, आरईटी पोर्टचा (टिल्टच्या केबलच्या जोडणीचा) ओव्हरकरंट अलार्म. जुलै चालू होता.

पावसाने उघडीप दिली, टॉवर वाळला, तेव्हाच रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारा, वर गेला. हार्नेस, दोन लॅनयार्ड (सुरक्षादोर), कमरेला मल्टिमीटर. खाली मी लॅपटॉप घेऊन, दोघांचे फोन स्पीकरवर.

तिन्ही आरसीयू एकाच साखळीत असतात. एकातून निघालेली केबल दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एआयएसजी या अँटेना उद्योगाच्या गटाच्या प्रमाणांमुळे बहुतेक कंपन्यांचा कनेक्टर सारखाच, गोल, आठ पिनांचा. ६ नंबरच्या पिनवर १० ते ३० व्होल्ट, ७ वर त्याचा परतीचा मार्ग, ३ आणि ५ वर डेटा. तारा सगळ्यांना सामाईक असल्यामुळे एकाच ठिकाणचा शॉर्ट पूर्ण साखळी झोपवतो.

"सर, केबल काढून ६ आणि ७ वर चोवीस दाखवतंय," वरून आवाज आला. म्हणजे आरआरयू ठीक. फक्त पहिला आरसीयू जोडायला सांगितला, स्कॅनमध्ये त्याचा सिरियल नंबर आला. दुसरा जोडला, दोन आले. तिसरा जोडला आणि तिन्ही गेले, अलार्म परत.

"काढा तिसरा. त्याच्या पुढच्या टोकाला काय आहे?"

"काहीच नाही सर. टोपणच नाही. आत हिरवं झालंय सगळं."

साखळीतला शेवटचा आउटपुट रिकामा असतो, त्याला टोपण घट्ट बसवायचं असतं. तोंड खाली असलं म्हणून पाणी शिरत नाही हा समज इथे चालत नाही. कोकणातला पाऊस आडवा मारतो आणि वाऱ्यात मीठ असतं. त्या ओलीतून ६ कडून ७ कडे करंट वाहत राहिला आणि पिना खाऊन टाकल्या. कनेक्टर साफ करून पुन्हा वापरू, असं मला सुचवलं गेलं होतं. मी नाही म्हणालो. ओल आतल्या बोर्डापर्यंत गेली असेल तर पुढच्या सरीला पुन्हा हाच खेळ, आणि पुन्हा कुणालातरी वर जावं लागणार.

नवा आरसीयू चढवला. अशा वेळी त्यात त्याच अँटेनाच्या मॉडेलची आणि त्याच बँडची कॉन्फिगरेशन फाईल टाकावी लागते, नाहीतर मोटरचे किती फेरे म्हणजे किती अंश हे त्याला कळत नाही. मग कॅलिब्रेशन, म्हणजे दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहणं. ते नीट झालं, तिन्ही बँड ६ वर आले आणि दाभोळहून सुटलेल्या फेरीबोटीत बसलेल्या ड्राइव्ह टेस्टवाल्याचा (फिरत फिरत नेटवर्क तपासणाऱ्याचा) कॉल मध्यावर नव्या साईटवर गेला, न तुटता.

रिगरला उतरण्याआधी बाकीचे दोन सेक्टरही बघायला सांगितले. त्यातल्या एकाचं टोपण नुसतंच अडकवलेलं होतं, पीळ दिलेला नव्हता. आता कुठलीही साईट ताब्यात घेताना शेवटच्या आरसीयूचा खालून काढलेला फोटो असल्याशिवाय मी सही करत नाही.