एचओ सोडून एनवर आलो, आणि फ्रॉगने छळलं

मॉडेल रेल्वेत एचओ स्केल सोडून एन घेतलं ते जागेसाठी. एचओच्या १:८७ ऐवजी १:१६०, रुळांमधलं अंतर १६.५ मिमीऐवजी ९ मिमी. २४ मीटरचा डबा एचओमध्ये २७६ मिमी भरतो, एनमध्ये १५०. झेडचा (१:२२०) विचार लगेच सोडला, त्यात इंजिनांची निवडच कमी. टीटी (१:१२०) बोटांना जास्त मानवलं असतं, पण मला हव्या त्या गाड्या एनमध्ये होत्या.

इथपर्यंत सगळं सरळ. वैताग सुरू होतो पॉइंटवर, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्यावर.

छोटं शंटिंग इंजिन सावकाश येतं आणि नेमकं फ्रॉगवर थांबतं, म्हणजे पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर. बोटाने ढकललं की चालतं, परत फिरलं की पुन्हा तेच. फ्रॉग प्लॅस्टिकचा असला की तेवढ्या तुकड्यात वीज नसते. त्यावरून जाताना उरलेल्या चाकांनी दोन्ही रुळांवरून वीज घ्यायची असते, पण आखूड इंजिनाला तेवढी चाकं असतात कुठे? त्यात एनचं इंजिन हलकं. एचओचं जड इंजिन ज्या मळावरून निघून जातं, तिथे हे अडतं. डीसीसीमध्ये (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश द्यायची पद्धत) आधाराला कपॅसिटर बसवतात म्हणे. एवढ्याशा इंजिनात बसवायचा कुठे?

लोक सांगतात, रूळ पुसा. पुसून एकदाच बरं वाटतं. उपाय एकच: धातूचा फ्रॉग घ्या आणि त्याला वीज द्या. फ्रॉगच्या पुढे निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जोड लावायचे, नाहीतर पॉइंट फिरवला की शॉर्ट. मग फ्रॉगला एक वायर जोडून ती मायक्रोस्विचच्या मधल्या टोकाला द्यायची, उरलेली दोन टोकं बाहेरच्या दोन रुळांना. पॉइंट फिरवणाऱ्या दांड्यानेच स्विच दाबला गेला पाहिजे; वेगळं बटण ठेवलंत तर ते विसरणार. हे सगळं ट्रॅक चिकटवण्याआधी करा.

सोल्डर करताना शेजारच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा, एनचे स्लीपर लगेच वितळतात. रुळांच्या जोडांवर विसंबू नका, प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर द्या. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. सँडपेपर नको, ओरखड्यात मळ आणखी बसतो.

हो, इंजिन घेताना डीकोडरचं (डीसीसीचे आदेश वाचणारी चिप) सॉकेट आहे का ते बघा. नेक्स्ट१८ किंवा सहा पिनांचं असेल तर काम मिनिटाचं. नसेल तर चेसिस कापायची तयारी ठेवा. शिवाय ब्रिटिश एन १:१४८ असतं आणि जपानी बहुतेक १:१५०. धावतात सगळी ९ मिमीवरच, पण एकाच प्लॅटफॉर्मवर शेजारी उभी केली की फरक डोळ्यात येतो.

जुने डबे घेणार असाल तर कोड ५५ (कमी उंचीच्या) रुळाचा एक तुकडा खिशात न्या आणि डबा त्यावर ढकलून बघा. जुन्या चाकांच्या कडा खोल असतात. काही कंपन्यांच्या कोड ५५ ट्रॅकवर त्या रुळाच्या खिळ्यांना लागतात. टकटक ऐकू आली तर चाकं बदलायचा खर्च किमतीत धरा.